कोळसा कुणाच्या नावावर?

अप्पा हेर्लेकरांची झोप उडवायला चोर-दरोडेखोर लागत नसत. ज्याला धनी नाही असा एखादा खर्च त्यांच्या कानावर घातला की पुरे.

एकदा आम्ही उद्यमनगरातल्या फौंड्रीतले काही जण मालकांच्या जीपने पन्हाळ्याला गेलो. जीप मालकांची, पेट्रोल वर्गणीचं. वाळूचे साचे भरणाऱ्या मोल्डिंग खात्याचा केरबा मिस्त्री वाटेत वाघबिळालाच उतरला, तिथे त्याच्या मेव्हण्याचं घर होतं. आम्ही वर गेलो, तटाशी बसून झुणका-भाकरी खाल्ली, वारं खाल्लं. अप्पांनी मात्र खिशातून पेन्सिल काढली आणि भाकरी बांधून आणलेल्या कागदावरच गणित मांडलं. केरबा घाट चढलाच नाही, तर घाटाचं पेट्रोल त्याच्या नावावर कसं टाकायचं? परतताना केरबा गाडीत चढला आणि त्याला हे कळलं. तो म्हणाला, "सगळ्यांत सारखं वाटून टाका की वो अप्पा."

"सारखं वाटून टाकणं म्हणजे हिशेब नव्हे केरबा, आळस."

"मग मी उतरल्यावर जीप हलकी झाली, त्याचं काय देतासा मला?"

आम्ही पोट धरून हसलो. अप्पा हसले नाहीत. "मुद्दा आहे," एवढंच म्हणाले आणि पंचगंगेचा पूल येईपर्यंत कागदावर खाडाखोड करत बसले. मी कपाळाला हात लावला. मी कालिंदी, त्या फौंड्रीच्या ऑफिसात टायपिस्ट होते, आणि माझं टेबल अप्पांच्या टेबलासमोर होतं. त्यामुळे या माणसाचं सगळं सोसणं माझ्या नशिबी होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही.

अप्पा आमचे कॉस्टिंग क्लार्क, प्रत्येक कामाचा खर्च काढणारे. किडकिडीत अंगाचे, मंगळवार पेठेतून सायकलवर यायचे, पँटला पायाशी क्लिप लावलेली असायची ती दिवसभर काढायची विसरायचे. त्यांना पोटाचं जुनं दुखणं होतं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की गारढोण अन्न पोटात जाता कामा नये. पण त्यांच्या बायकोची सकाळची शाळा. ती बाई दिवस उजाडायच्या आत डबा भरून शाळेत शिकवायला जायची, आणि दुपारपर्यंत भाकरीचा पत्रा व्हायचा. ही डब्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच रामायण झालं.

मालक आण्णा इंगवले. स्वतः एके काळी दुसऱ्याच्या फौंड्रीत मोल्डर होते, वाळूत हात घालून वर आलेले. शिक्षण बेताचं, आवाज मात्र लोखंड वितळवायच्या क्युपोला भट्टीच्या घरघरीवर मात करणारा. अप्पा येण्याआधी आण्णा भाव कसा सांगायचे? नग हातात घ्यायचे, दोनदा तोलायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे आणि किलोचा दर सांगून मोकळे व्हायचे. जड माल असो की हलका, सोपा असो की अवघड, सगळ्याला एकच दर. उद्यमनगरात तेव्हा बहुतेकांचा धंदा असाच चालायचा, आणि महिनाअखेरीला नफा का झाला किंवा तोटा का झाला हे अंबाबाईलाच ठाऊक असायचं.

अप्पांनी आल्या आल्या प्रत्येक ऑर्डरीला एक नंबर दिला आणि नंबरागणिक एक पिवळं जॉब कार्ड सुरू केलं. त्या कामाला लोखंड किती लागलं, मोल्डरची मजुरी किती झाली, सगळं त्या कार्डावर. आण्णांना एवढं पटलं. पण अप्पा तिथे थांबले नाहीत.

"आण्णा, कार्डावर लोखंड आलं, मजुरी आली. वॉचमन कुणाच्या नावावर?"

"वॉचमनचं काय? त्यो गेटावर हाय."

"त्याचा पगार म्हणतो मी."

"मी देतो की."

"तुम्ही कुठून देता?"

"गल्ल्यातनं."

"आणि गल्ल्यात कुठून येतो?"

"आता काय कोर्टात हुबा केलासा व्हय मला?" आण्णा ओरडले. पण मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी विचार केला आणि हळूच विचारलं, "बरं, मग टाकायचा कुणाच्या नावावर?"

हा प्रश्न ऐकला की अप्पांचा चेहरा खुलायचा. वॉचमन, दिवाबत्ती, आण्णांच्या जीपचं पेट्रोल, चहा, माझा पगार, त्यांचा स्वतःचा पगार. हे कुठल्याच एका कामाचे नव्हेत आणि सगळ्याच कामांचे आहेत. याला ते वरखर्च म्हणायचे. हा वरखर्च कामाकामांवर रास्त वाटून टाकला तरच कुठलं काम पोसतं आणि कुठलं काम आपल्याला खातं ते समजतं, असा त्यांचा सिद्धान्त. मला हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आणि त्यात त्यांनी एकदा कमाल करून दाखवली. कागलचे ज्ञानू पाटील म्हणून गुऱ्हाळवाले होते. उसाच्या चरकाचे रोलर आमच्याकडून ओतून न्यायचे. एका साली त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली, दुसरीकडे स्वस्त मिळतात म्हणून. अप्पांनी कार्डं काढली आणि आण्णांना दाखवलं की रोलर म्हणजे भरीव, जड, पण सोपं काम. आपण सगळा वरखर्च वजनावर वाटतो, म्हणून रोलरच्या बोकांडी तो उगाच जास्त बसतो, आणि पाण्याच्या पंपाची बॉडी, जी हलकी पण कटकटीची, ती फुकटात सुटते. आण्णांनी रोलरचा दर उतरवला. ज्ञानू पाटील परत आले, आणि खुशीत येऊन बिलाचा काही भाग काकवीच्या डब्यांनी चुकता करू लागले. काकवी आम्हाला लागायचीच. कशाला, ते आता सांगते.

पंपाची बॉडी आतून पोकळ. पोकळी हवी तिथे वाळूचा एक गोळा बसवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. भोवतीनं लोखंड ओतायचं, आणि निवल्यावर ती वाळू ठोकून बाहेर काढायची. ही वाळू धरून राहावी म्हणून आमच्याकडे तीत काकवी मिसळायचे, लाकडी साच्यात दाबून आकार द्यायचे आणि कोळशाच्या भट्टीत भाजायचे. हे काम करायच्या सगळ्या बायका. बनाबाई, चिमणाबाई आणि आणखी पाचसहा जणी, आणि त्यांची मुकादम धोंडुबाई. आण्णांच्या फौंड्रीला भिंती नव्हत्या तेव्हापासून धोंडुबाई तिथे होती. कोपरापर्यंत काळी वाळू, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि जिभेला लगाम नाही. तिच्या हातचा कोअर ओतताना फुटला असं कुणी बोलून दाखवावं, मग बघावं.

कोअरशॉप म्हणजे पत्र्याची लांबडी खोली. कारखान्यातला एकुलता एक नळ तिथेच, आणि दिवसभर धगधगणारी ती भाजायची भट्टीही तिथेच. साहजिकच सगळा कारखाना दुपारी तिकडे वळायचा. अप्पांचा डबा तर धोंडुबाई स्वतः भट्टीच्या कडेला सरकवून ठेवायची, आणि भाकरी कडक झाली असेल तर वर चमचाभर काकवी सोडायची. "पोटाला बरी असती," म्हणायची. अप्पा मुकाट्याने खायचे.

तर रोलरच्या यशानंतर अप्पांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. वजनावर वाटणं चूक, मग बरोबर काय? त्यांनी कारखान्याची खाती पाडली. मोल्डिंग, मशीनशॉप, कोअरशॉप, ऑफिस. आणि नियम केला: खर्च ज्याच्या दारात, त्याच्या नावावर. जिथे कोळसा जळतो, त्या खात्यावर कोळसा. जिथे काकवी संपते, त्या खात्यावर काकवी. मग त्या खात्याचा खर्च ते खातं वापरणाऱ्या कामांवर. ऐकायला इतकं सरळ वाटायचं की आण्णाही म्हणाले, "हे झ्याक हाय."

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात अप्पांनी या नियमानं पहिला तक्ता तयार केला. मी तो टाइप केला. कोअरशॉपच्या रकान्यात कोळसा एवढा की बघून मीच दोनदा तपासला. काकवी तर पिंपानं प्यायल्यासारखी. तो सगळा भार पंपाच्या बॉडीवर आला, आणि पंपाची बॉडी तोट्यात गेली. आण्णांनी तक्ता डोळ्यांजवळ धरून वाचला. एक बाहेरचा ठेकेदार तयार कोअर पुरवायला केव्हाचा मागे लागला होता. त्याचा दर आमच्या कोअरशॉपच्या निम्माही नव्हता.

"अप्पा, ही गणितं पक्की न्हवं?"

"पक्की आहेत."

"मग कोअरशॉप बंद. खंडेनवमीपतूर चालू दे. सणाच्या तोंडावर कुणाच्या पोटावर पाय नको. त्येच्यानंतर बंद."

मला इतका संताप आला. आण्णांचा नाही, अप्पांचा. धोंडुबाईच्या वयाच्या बाईला आता कुठली फौंड्री उभं करणार होती? ज्या बाईनं याची भाकरी रोज ऊन करून दिली, तिच्या भाकरीवर यानंच पाणी ओतलं, आणि वर म्हणतो पक्की आहेत! मी नोटीस टाइप केली, यंत्रातून फर्रकन ओढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "खाली नेऊन लावायची तर तुम्हीच लावा. आणि वाचूनही तुम्हीच दाखवा. त्या बायकांना वाचता येत नाही."

ते गेले. मी मागोमाग गेले, कारण मला त्यांचं तोंड बघायचं होतं. त्यांनी नोटीस वाचली. बायका वाळूत हात तसेच ठेवून ऐकत राहिल्या. बनाबाईनं पदर डोळ्याला लावला. धोंडुबाईनं विचारलं, "आप्पा, आमचं कोअर वाईट हुत्यात व्हय?"

"नाही धोंडुबाई. चांगले होतात. पण महाग पडतात. कोळसा फार जळतो. काकवी फार जाते."

"जात आसंल मग," धोंडुबाई म्हणाली. एवढंच. ज्या बाईच्या शिव्या मोल्डिंगपर्यंत ऐकू जायच्या, ती परत साच्यात वाळू दाबायला लागली. तिला वाटलं, शिकलेल्या माणसानं मोजलंय म्हणजे आपल्याच हातून कुठेतरी सांडत असेल. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा डबा घेऊन कोअरशॉपला जाईनात. टेबलाशीच बसून गार भाकरी चावायचे, आणि दुपारनंतर पोट दाबून धरायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायची. भोगा म्हटलं आपल्या कर्माची फळं. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी चिमणाबाई जिना चढून वर आली, त्यांच्या टेबलावरचा डबा काही न विचारता उचलला आणि म्हणाली, "धोंडुबाई म्हणत्यात, नोटीस नोटिशीच्या जागी आन् पोट पोटाच्या जागी." थोड्या वेळानं डबा परत आला. वाफाळलेला. भाकरीवर काकवी.

अप्पांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं. दोन घास खाल्ले, आणि तिसरा घास तोंडाशी नेता नेता त्यांचा हात थांबला. बोटांवरून काकवी मनगटाकडे ओघळत होती.

"कालिंदी, हा डबा कुठे गरम झाला?"

"कुठे म्हणजे? कोअरच्या भट्टीवर."

"तो कोळसा कुणाच्या नावावर?"

"कोअरशॉपच्या. तुम्हीच टाकलाय."

"आणि ही काकवी?"

तीही मीच त्याच रकान्यात टाइप केली होती. अप्पा खरकट्या हातानं तसेच उठले आणि जिना उतरून गेले. पायाची क्लिप जिन्याच्या कठड्याला अडकली, तीही तिथेच सोडून गेले.

त्यानंतरचा सगळा आठवडा अप्पा हेर्लेकर कोअरशॉपच्या दाराशी स्टूल टाकून बसले. कारखान्याला वाटलं, माणूस कामातून गेला. पण ते नुसते बघत होते. त्याच दारातून आम्ही सगळे वर्षानुवर्षं आत-बाहेर करत होतो, आणि कुणालाही कधी काही दिसलं नव्हतं, कारण डबा गरम करणं हे काय कुणाला खर्च वाटतो का? मोल्डिंगची पोरं वितळलेलं लोखंड वाहायचे पोलादी डोल याच भट्टीवर कोरडे करून न्यायची. डोल ओला राहिला तर लोखंड उसळतं, म्हणून ते करावंच लागतं. मशीनशॉपचे लोक हात धुवायला ऊन पाणी इथूनच नेत. पन्नासेक माणसांचे डबे इथेच तापत. आणि काकवी तर काय, ज्याच्या भाकरीला कोरड्यास, तोंडी लावणं, नाही त्यानं डब्यात बोट बुडवावं. आण्णांच्या जीपचा ड्रायव्हर एके दिवशी शेंगदाण्यांची पिशवी घेऊन आला. आण्णांच्या बायकोनं, वहिनीसाहेबांनी, भाजायला पाठवली होती. जाताना त्यानं काकवीचा भरलेला डबा जीपमध्ये टाकायला घेतला, दर महिन्यासारखा.

"घाल," अप्पा त्याला म्हणाले आणि पेन्सिलीनं टिपून घेतलं.

सगळं ज्याचं त्याच्या खात्यावर गेलं. डोल कोरडे करायचा कोळसा मोल्डिंगवर, ऊन पाणी मशीनशॉपवर, डबे ज्या त्या खात्यावर. अप्पांच्या आणि माझ्या डब्याचा कोळसा ऑफिसवर. कोअरशॉपचा रकाना उतरत उतरत आला, पण अजून थोडासा तोटा उरलाच. एकच गोष्ट राहिली होती. हे सगळे डबे लावायचे, फिरवायचे, करपू द्यायचे नाहीत, पाणी तापवायचं, यात धोंडुबाईचा आणि तिच्या बायकांचा रोजचा बराच वेळ जायचा. तो वेळही कोअरशॉपच्याच मजुरीत धरलेला होता. तेवढा काढून इतर खात्यांवर टाकला की कोअरशॉप नफ्यात. अप्पा हर्षानं लाल होऊन स्टुलावरून उठले.

"धोंडुबाई, डब्यांना रोज किती वेळ जातो तुमचा? नीट आठवून सांगा. त्याची मजुरी दुसऱ्या खात्यांकडून घ्यायची आहे."

धोंडुबाईनं हातातला साचा खाली ठेवला. "काय घ्यायची हाय?"

"मजुरी. हिशेबात. तुमचं खातं वाचेल त्यानं."

"डबं ऊन करून दिल्याचं पैसं घिऊ व्हय मी?" तिचा आवाज परत आला होता, मोल्डिंगपर्यंत ऐकू जाणारा. "आवं, माणसं जेवत्यात ती. उद्या घरात लेकराला वाडलेलं बी लिवशीला! न्हाय. त्ये काम न्हवं. त्ये लिवायचं न्हाय."

"पण त्यावाचून तुमचं खातं तोट्यात राहतंय धोंडुबाई. तुमची नोकरी—"

"जाऊ दे तिकडं. लिवायचं न्हाय म्हंजे न्हाय."

अप्पा वर येऊन डोकं धरून बसले. मी म्हटलं, "घाला की गुपचूप. तिला काय कळतंय?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी कुणाच्या खिशात हात घालायला सांगितला होता. न विचारता ते लिहायला तयार नव्हते. आणि खर्च आहे तो न लिहिता सोडून देणं, हे तर त्यांच्यानं जन्मात झालं नव्हतं. त्यांनी शेवटी तक्त्यात ओळ घातली: डबे तापवण्याचा वेळ. आणि नावाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. तो रिकामा रकाना टाइप करताना मला कसंतरीच झालं.

तक्ता घेऊन ते आण्णांपुढे उभे राहिले. मीही काहीतरी फाइल घेऊन आत गेले. असल्या वेळी मी काही बाहेर थांबणारी नव्हे.

"आता हे काय नवीन?" आण्णा म्हणाले.

"आण्णा, माझं चुकलं. खर्च दारात दिसला म्हणून त्या दाराच्या नावावर टाकला. आत येऊन जेवून जातं कोण, ते पाहिलं नाही. कोअरशॉप तुम्ही बंद केलंत तरी ती भट्टी काही बंद होणार नाही. डोल कोरडे करायलाच लागणार, पाणी तापायलाच लागणार. धोंडुबाई जाईल, कोळसा राहील. आणि वर त्या ठेकेदाराचे पैसे."

आण्णा वाचत गेले. मध्येच थांबले. "शेंगदाणं? मालकांचं घर? हे आमचं व्हय?"

"होय."

"काकवी, भरलेला डबा. आयला, हे बी!" आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता फुटतो ज्वालामुखी. पण ते शेवटच्या ओळीशी आले आणि तिथेच थांबले. "ह्या ओळीला नाव कसं न्हाय? तुमी तर वॉचमनला बी सोडलं न्हाय."

"घालू देत नाहीत धोंडुबाई. ते काम नव्हे म्हणतात." मग अप्पा खाली मान घालून म्हणाले, "ती ओळ दुसऱ्या खात्यांवर टाकली नाही, तर कोअरशॉप थोडं तोट्यात आहे, आण्णा. मी खोटं सांगणार नाही."

खिडकीतून खाली कोअरशॉपचा पत्रा दिसायचा, आण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "मी मोल्डर हुतो तवा," ते म्हणाले, "आमच्या फौंड्रीत कुणी डबा ऊन करून देत न्हवतं. गारच खायाचो. लई वंगाळ लागतंय वो ते." मग तक्ता माझ्याकडे टाकला. "तेवढा तोटा ऱ्हाऊ दे. तेवढा मला परवडतोय. कालिंदीताई, त्यो खालचा कागद काढा जावा."

मी पायऱ्या उतरले नाही, उडाले. नोटीस टराटरा फाडून धोंडुबाईच्या भट्टीत टाकली. ती म्हणाली, "काय जाळलंसा?" मी सांगितलं. तिनं आधी भट्टीला हात जोडले, मग आमच्या ऑफिसच्या खिडकीकडे बघून कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली.

त्या खंडेनवमीला यंत्रांबरोबर कोअरच्या भट्टीलाही झेंडूची माळ घातली गेली, आणि आण्णांनी तिथे नारळ फोडला. जीपच्या ड्रायव्हरनं शेंगदाणे आणायचे थांबवले. काकवीचा डबा मात्र आण्णांच्या घरी जातच राहिला, फक्त आता अप्पा महिन्याच्या महिन्याला त्याचे पैसे मालकांकडून वसूल करायचे आणि पावती द्यायचे. ती बिनानावाची ओळ प्रत्येक तक्त्यात यायची. मी ती दर महिन्याला टाइप करायची, आणि रकाना रिकामा सोडायची.

अप्पा निवृत्त झाले ब्याऐंशी साली. हारतुरे झाले, आण्णांनी शाल दिली, भाषण केलं. आम्हाला वाटलं, आता माणूस घरी बसून आराम करेल. पुढच्या आठवड्यात दुपारी बघते तो सायकल आत! पायाला क्लिप, हँडलला डब्याची पिशवी. मी खिडकीतून ओरडले, "अप्पा, घरी स्टोव्ह नाही का?"

"त्याला रॉकेलचा वास येतो," अप्पा म्हणाले आणि कोअरशॉपकडे वळले.

मग ते जवळजवळ रोज येऊ लागले. पण अप्पाच ते. आता ते नोकरीत नाहीत, मग डब्याचा कोळसा ऑफिसच्या नावावर कसा टाकायचा? म्हणून येताना मंगळवार पेठेतल्या वखारीतून थोडा कोळसा वर्तमानपत्रात बांधून आणायचे आणि डब्याबरोबर धोंडुबाईच्या हातात द्यायचे. "हा माझा," म्हणायचे. धोंडुबाई मोठ्या गांभीर्यानं घ्यायची. ते जेवायला बसले की ती पुडी भट्टीत न घालता बाकाखालच्या रिकाम्या काकवीच्या डब्यांत टाकायची, आणि भट्टीत कारखान्याचाच कोळसा ढकलायची. मी एकदा ते पाहिलं. तिनं तोंडावर बोट ठेवून मला दटावलं. हिशेबाच्या माणसाला फसवण्यात आम्हा दोघींना मोठी मजा वाटत होती.

शहाऐंशीच्या थंडीत अप्पा गेले. झोपेतच. निरोप सकाळी आला. कारखाना बंद करावा असं आण्णांच्या मनात होतं, पण क्युपोला पेटलेला होता, साचे भरलेले होते, आणि पेटलेली भट्टी अर्ध्यात टाकून जाता येत नाही. काम चालू राहिलं. केरबानं ओतकाम संपवलं आणि वाळूच्या ढिगावर बसून राहिला.

दुपार झाली. कोअरशॉपकडे कुणी फिरकेना. डबे जिथल्या तिथे पडलेले. मीही माझा उघडला नव्हता. एवढ्यात खालून धोंडुबाईचा आवाज आला, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा, "डबं आणा!"

मी खाली गेले. तिनं बाकाखालचे काकवीचे डबे ओढून पुढे घेतले होते. सगळे काठोकाठ भरलेले. ती ओंजळीओंजळीनं त्यांतला कोळसा भट्टीत टाकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. केरबानं दारातून विचारलं, "धोंडुबाई, ह्यो कुठला कोळसा?"

"आप्पांचा हाय," ती म्हणाली. "साठवून ठेवलावता. आणा डबं, गार खाऊ नका. आज समद्यांचं त्येंच्या नावावर."

मोल्डिंगची माणसं आली, मशीनशॉपची आली. आण्णा जिना उतरून आले, हातात घरून आलेला डबा. तो त्यांनी स्वतःच्या हातानं भट्टीच्या कडेला ठेवला आणि मागे सरकले. मी माझा डबा त्या रांगेत लावला. धोंडुबाईनं सगळ्यांच्या डब्यांची झाकणं उघडली आणि एकेका भाकरीवर काकवी सोडली.